पंपाचा कंडेन्सर : जोडणीचें गणित

ऐन उन्हाळ्यांत भाजीस पाणी देण्याच्या वेळीं एकफेजी पंप बंद पडावा, हा प्रसंग उल्हास नदीकांठच्या बदलापूर-अंबरनाथकडील शेतकरीबंधूंस नवा नाहीं. पुष्कळदां मोटर शाबूत असते. बिघडलेला असतो तो कंडेन्सर. उल्हासनगरच्या बाजारांत विजेच्या सामानाचीं दुकानें आहेत. तथापि नेमक्या मापाचा नग हवा त्याच दिवशीं मिळेल असें नाहीं. अशा वेळीं दोन नग जोडून हवें तें माप साधतां येतें. मात्र रीत चुकल्यास मोटर गमवावी लागते, म्हणून हा लेख.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्याच विहिरीवर हें घडलें. पंपास 50 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर हवा होता व हाताशीं 25 चे दोन होते. मिस्त्रीनें ते एकापुढें एक जोडले. पंचवीस आणि पंचवीस मिळून पन्नास, असा आमचाही समज होता. बटण दाबतांच मोटर नुसती घुमूं लागली, फिरेना. आणि प्रवाह वेळीं न तोडल्यानें वाइंडिंग जळालें. मोटर भरून येईपर्यंत आठ दिवस गेले व वांगीं सुकलीं.

चूक कोठें झाली तें पाहूं. कंडेन्सर म्हणजे मध्यें निरोधक थर ठेवून समोरासमोर बसविलेले धातूचे दोन पत्रे. पत्र्यांचें क्षेत्र जितकें अधिक तितकें माप अधिक. मधलें अंतर जितकें अधिक तितकें माप कमी. दोन कंडेन्सर शेजारीं शेजारीं, म्हणजे समांतर जोडले कीं क्षेत्रांची बेरीज होते : 25 व 25 मिळून 50. तेच एकसर, म्हणजे एकापुढें एक जोडले कीं जणूं अंतराची बेरीज होते व माप साडेबाराच उरतें. माप इतकें घटल्यावर मोटरीस फिरण्याचा जोर मिळत नाहीं. समांतर जोडणींत एकाचीं दोन टोकें दुसऱ्याच्या दोन टोकांस जोडावीं. याच रीतीनें 36, 10 व 4 मिळूनही 50 होतात.

माप जुळलें म्हणजे काम झालें असें नव्हे. चालत्या मोटरींत कंडेन्सरवरील दाब घरांतील 230 व्होल्टांहून पुष्कळ चढतो. म्हणून मूळ नगावर 440 व्होल्ट लिहिलें असल्यास समांतर जोडलेला प्रत्येक नग निदान तितक्याच व्होल्टांचा व सतत चालण्याच्या जातीचा असावा. केवळ मोटर सुरू करण्यापुरता असलेला कंडेन्सर त्या जागीं लावूं नये.

टांकीची पातळी दाखविणारा छोटा दिवा हौसेनें घरींच जोडणाऱ्या तरुणांनीं एक भेद ध्यानांत ठेवावा. तेथें लागणाऱ्या रोधकाचा न्याय याच्या उलट आहे. अरुंद पाटाची लांबी वाढली कीं पाण्यास अडथळा वाढतो, तसे रोधक एकसर जोडले असतां रोधांची बेरीज होते. दोन पाट शेजारीं काढले कीं पाणी सुलभ वाहतें, तसे दोन समान रोधक समांतर जोडले असतां रोध निम्मा होतो. 500 ओहम हवे असून घरीं 1000 चेच दोन असतील, तर ते समांतर जोडावे. पाव वॅटचे असल्यास दोघे मिळून अर्ध्या वॅटची उष्णता सोसतात, हा आणखी एक लाभ.

शेवटीं एक सूचना. मुख्य खटका बंद केल्यावरही कंडेन्सरांत वीज साठून राहते. त्याच्या दोन टोकांस पिवळ्या तारेच्या जुन्या बल्बाच्या तारा क्षणभर लावून ती आधीं उतरवावी, मगच हात लावावा. आणि नवी जोडणी झाल्यावर प्रथम बटण दाबतांना हात खटक्यावरच ठेवावा. मोटर घुमून फिरेनाशी झाली, तर प्रवाह तत्काळ तोडावा. तेवढा क्षण आम्हीं दवडला नसता, तर आमची मोटर वांचली असती.