भूगोल घरी शिकवताय? रत्नागिरीत सुरुवात भरतीच्या वेळेपासून करा

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या अनेक वाड्यांवर पाण्याचे टँकर जातात. असं का?

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या पालकांनी भूगोलात असेच प्रश्न घ्यावेत. गणिताचं उत्तर चुकलं तर लगेच कळतं. भूगोलात मात्र मुलाने राजधान्या धडाधड म्हणून दाखवल्या की आईबाबांना वाटतं, झाला विषय! घरी चाचणी घ्यायला बाई नसतात. त्यामुळे उत्तर बाहेर जाऊन पडताळता आलं पाहिजे.

सर्वात सोपी सुरुवात म्हणजे भरती. कोकणात एक जुना हिशोब आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दिवसाची तशीच रात्रीची. साधारण सहा तासांनी ओहोटी. कालनिर्णय बघून मुलाला आठवडाभर वेळा काढू द्या. मग मोबाईलवरच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून बघा. फरक निघेल, आणि खरी मजा तिथेच आहे. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, हिशोबात एका तिथीला ४५ मिनिटंच धरली आहेत. चंद्र आणि समुद्राचं नातं मग वेगळं पाठ करावं लागत नाही. (मांडवी किंवा भाट्ये किनाऱ्यावर जाऊन बघायचं तर मोठं माणूस सोबत हवंच. पावसाळ्यात पाण्यापासून लांब.)

रेखांश शिकवायला अंगणात काठी पुरते. सावली सर्वात लहान कधी होते? बारा वाजता नाही. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते. रत्नागिरी आहे सुमारे ७३.३ अंशांवर. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपली खरी दुपार सुमारे ३७ मिनिटं उशिरा. तारखेनुसार ती पाव तासापर्यंत मागेपुढे होते.

आता टँकरचा प्रश्न. जांभ्याचा एक तुकडा आणि काळ्या दगडाचा एक तुकडा घ्या, दोन्हींवर पाणी ओता. जांभा पाणी पितो, पण धरून ठेवत नाही. त्यात सह्याद्री ते समुद्र अंतर कमी, उतार तीव्र, नद्या आखूड. पाणी थांबणार कुठे? हे सांगताना जिल्ह्याचा नकाशा समोर हवा, नाहीतर मुलाला उतार दिसत नाही.

पुस्तकांचा खर्च फारसा नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात.

आणि परीक्षेचं काय? शिक्षण हक्क कायदा (२००९) ६ ते १४ वयोगटासाठी आहे, त्यात होमस्कूलिंगची वेगळी तरतूद नाही. अशी बरीच मुलं पुढे एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी देतात. त्यासाठी किमान वय १४ वर्षं लागतं.