कोरडा पेंढा

पहाटे ५.१५. कामशेतहून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत बंगल्यांची एक रांग आहे. डिसेंबरात आठवड्याच्या मधल्या दिवशी बहुतेक बंद. एका फाटकाआड विजेरी हलते. राखणदार मामा उठलेत. डोक्याला मफलर, अंगात मालकांच्या मुलाचं जुनं जाकीट, पायात स्लिपर. चहाच्या आधी तीन ठिकाणी हात घालायचा: पोर्चमधलं कुत्र्याचं घर, जिन्याखालची गोणी, पंपाची खोली. हात कुत्र्याच्या अंगाला नाही, अंगाखालच्या पेंढ्याला लावायचा. "अंग गरमच लागतंय. खालनं ओल धरली का, ते बघायचं."

५.४५. शेकोटी. वाघ्या, रस्त्यावरून येऊन इथंच राहिलेला गावठी, विस्तवाच्या पार कडेला येऊन पडतो. मामा त्याला काठीनं मागे सारतात. मागच्या थंडीत त्याची शेपटी होरपळली होती. विझलेली राख वरून गार दिसते, आत निखारा असतो. म्हणून मामा उठताना राखेवर तांब्याभर पाणी ओततात.

६.३०. रात्रीचं पाणी बर्फासारखं झालेलं असतं. ते झाडाला. बोअरचं पाणी या वेळी कोमट येतं, तेच भांड्यांत. मालकांचा म्हातारा कुत्रा ब्रूनो गार पाण्याला तोंड लावत नाही. थंडीत तहान दिसत नाही, पण पाणी लागतंच.

७.३०. डोंगरामागून ऊन यायला इथं उशीर होतो. ब्रूनो लॅब्रॅडॉर आहे, वय अकरा. केस दाट, थंडीचं त्याला फार नाही. त्रास आहे तो सांध्यांचा. फरशीवर उठताना मागचे पाय सरकतात. मामा पोटाखालून पंचा घालून त्याला उचलतात आणि कुंपणाजवळच्या उन्हात नेऊन बसवतात. मालकांनी मुंबईहून लाल स्वेटर पाठवलाय. दिवसा घालतात. रात्री काढून ठेवतात, कारण पहाटे ब्रूनो दवात फिरतो, आणि ओला स्वेटर अंगावर असण्यापेक्षा उघडं अंग बरं. पण मालकांना फोटो स्वेटरातलाच जातो.

९.००. शेजारच्या बंगल्यात पाहुणे आहेत. त्यांच्या ड्रायव्हरनं गाडी चालू करण्याआधी मामा कुंपणावरून ओरडतात, "बॉनेटवर थाप मारा ओ!" गरम इंजिनाखाली रात्री कोणी तरी येऊन झोपलेलं असतं. आजही एक पांढरं कुत्रं निघतं, आळस देत. पाहुण्यांची मुलगी त्याला लोणावळ्याचा चॉकलेट फज द्यायला धावते. मामा हात आडवा करतात. चॉकलेट कुत्र्याला विष आहे. हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढतो. पोरीचा बाप नाराज होतो.

१०.००. सायकलवरून कामशेतची बाजारपेठ. कोंबडीचे पाय अर्धा किलो, ३० रुपये. तांदळाची कणी दोन किलो, ७० रुपये. हा खर्च मालक देतात, पण हिशेब वहीत लागतो. मामांचा आणि मामींचा मिळून पगार महिना ११,००० आणि राहायला खोली. वाघ्या आणि पंपाच्या खोलीतली कुत्री काळी वहीत नाहीत. त्यांचं ब्रूनोच्या पातेल्यातून भागतं.

११.३०. आजचं मोठं काम. भाचा खाचरातून वीस पेंढ्या टाकून गेलाय, २०० रुपये. इंद्रायणी भाताचा पेंढा, नोव्हेंबरात झोडलेला. मामा एक काडी मोडून बघतात. कट्‌ वाजली तर वाळलेला. वाकली तर परत.

पोर्चमधलं घर मालकांनी ९,००० ला आणलं. पत्र्याचं, मोठं, माणूस बसेल एवढं. पहिल्या थंडीत ब्रूनो आत गेलाच नाही. मामांनी खाली चार विटा घातल्या, फरशीचा गारवा तुटला. तोंड उत्तरेला होतं, ते दक्षिणेला फिरवलं. आत फळी उभी करून जागा निम्मी केली. कुत्रं स्वतःच्या उबेनं जागा तापवतं. जागा जास्त तर ऊब पुरत नाही. दाराला गोणपाट, मधे चिरलेला, म्हणजे नाकानं ढकलून आत जाता येतं.

घोंगडी का नाही? मामींनीच घातली होती. ती ओल पिऊन बसते, दोन दिवसांत वास. पेंढ्यात मधे हवा राहते, कुत्रं त्यात खड्डा करून बसतं. जुना पेंढा मामा झटकतात, गोचीड दिसले की जाळतात. नव्याखाली निरगुडीचा पाला पसरतात. किडा-मुंगी येत नाही म्हणे. धान्याच्या कणगीत त्यांची आई टाकायची.

१२.४५. पंपाची खोली. काळीनं चार पिल्लं घातलीत, सात दिवसांची. डोळे बंद. एवढ्या वयात पिल्लांना अंगची ऊब राखता येत नाही, आई उठली की ती एकमेकांवर चढतात. मामा फळांच्या खोक्यात पेंढा भरतात, कडा उंच ठेवतात. एक पिल्लू बाजूला पडलंय, गार. मामा त्याला बंडीत, पोटाशी धरतात आणि तसेच भाकरी खायला बसतात. मामी बघतात, बोलत नाहीत. अर्ध्या तासानं ते वळवळतं. मग आईच्या थानाला. आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाला दूध पचत नाही.

४.३०. चुलीवर कणी, पाय, चिमूटभर हळद. कांदा नाही, मीठ नाही. शिजलेल्या पायांतली हाडं मामा हातानं काढतात, वेळ जातो. काळीला दुप्पट. थंडीत बाहेर राहणाऱ्याला एरवीपेक्षा जास्त लागतं, आणि ती तर पाजतेय.

६.१०. दिवस बुडाला. ब्रूनोची साखळी सोडून मामा जाळीचं दार लावतात. बिबट्या या बाजूला येतो. बांधलेलं कुत्रं ना पळू शकतं, ना वाऱ्याआड सरकू शकतं. साखळीवर मामांचा राग आहे. पण दिवसा पाहुणे असले की बांधावंच लागतं.

९.२०. फोन. शनिवारी मालकांचे पाहुणे येणार. पोर्चमधला पेंढा काढून ठेवा, फोटोत बरा दिसत नाही.

"बरं, साहेब."

मामा फोन ठेवतात आणि विजेरी घेऊन पंपाच्या खोलीचं माप घेतात. मोटार एका कोपऱ्यात, खोकं दुसऱ्या. काळी ब्रूनोला पिल्लांजवळ येऊ देणार नाही. मग जिन्याखाली. वाघ्या सरकेल. चार विटा पुरतील, पाचव्या-सहाव्या पायरीखाली वारा येतो तिथं अजून एक गोणपाट लागेल. उद्या बाजारात, १५ रुपये. वहीत लिहायचं की नाही, हे उद्या बघू.