मुलं मार्गी लागली, आता कॅमेरा काढा!

कॅमेरा आपल्या कोल्हापूरला नवा नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी तो इथेच घडविला आणि १९२० चा ‘सैरंध्री’ चित्रपट त्यावर काढला. तरीही आपल्या कितीतरी भगिनींची फोटोची हौस मुलाबाळांच्या धबडग्यात ट्रंकेत जाऊन पडते. पुढे मुले मोठी झाली, तरी “आता या वयात कशाला?” म्हणून ती तिथेच राहते.

वयाचेच म्हणाल, तर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंचे उदाहरण घ्या. जन्म १८१५, कलकत्ता. फोटोग्राफीची ओळख तरुणपणीच झाली. पण पदरात सहा मुले. १८६३ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लेक-जावयाने कॅमेरा भेट दिला. इंग्लंडातल्या घरी बाईंनी कोळशाच्या खोलीची डार्करूम केली, कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला! त्यांनी काढलेले डार्विनचे फोटो आजही नावाजले जातात.

आपल्याला तर खुराडेही रिकामे करायला नको. जुना कॅमेरा असेल तर भिंगावर बुरशी धरली आहे का बघा. नसेल तर मोबाईलही चालतो. सकाळच्या कोवळ्या उन्हातला तुरा आलेला ऊस, गुऱ्हाळाची वाफ, सोप्यात बसलेली म्हातारी माणसं टिपून ठेवा. माणसं गेल्यावर फोटो कुठला काढणार?

तेव्हा सभासद बंधूंनो, उसाचं बिल जमा झालं, की घरच्या मंडळींची हौसही एकदा विचारा!