स्वमग्न प्रौढांची नोकरी : मिळणे आणि टिकणे

स्वमग्नता म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लहान मूल येते. परंतु मूल मोठे होते, शिक्षण पूर्ण करते आणि इतरांप्रमाणेच त्याच्यापुढेही उपजीविकेचा प्रश्न उभा राहतो. आईवडिलांच्या पश्चात या मुलाचे काय, ही चिंता तर घरोघरी असतेच. तिचे एक महत्त्वाचे उत्तर म्हणजे नियमित वेतनाची नोकरी होय.

स्वमग्नता हा आजार नव्हे. मेंदूच्या विकासातील भिन्नतेमुळे संवाद साधण्याची, आवाज, प्रकाश, स्पर्श अनुभवण्याची रीत वेगळी असते. तिचे स्वरूप व्यक्तिपरत्वे बदलते. काहींना आयुष्यभर आधार लागतो; काही पदवीधर होऊन स्वतंत्रपणे काम करतात. सर्वच स्वमग्न व्यक्ती गणितात वा संगणकात निष्णात असतात, हा समज मात्र खरा नाही.

कायद्यातील तरतूद

१९९५ च्या अपंग व्यक्तीविषयक कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. शासकीय आस्थापनांतील किमान ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते.

मुलाखतीचा अडसर

पात्रता असूनही अनेक उमेदवार मुलाखतीत मागे पडतात. नजरेला नजर न देणे म्हणजे आत्मविश्वासाचा अभाव, असा अर्थ लावला जातो. “स्वतःविषयी काही सांगा” या मोघम प्रश्नाने उमेदवार गोंधळतो. तोच “या नोंदवहीतील चुका शोधा” असे सांगताच अचूक काम करून दाखवू शकतो. म्हणून शक्य तेथे प्रात्यक्षिक चाचणी घेणे अधिक न्याय्य ठरते.

नोकरी टिकावी म्हणून

नोकरी सुटण्याचे कारण पुष्कळदा कामातील उणीव नसते. सततचा गोंगाट, ऐनवेळी बदललेले काम, संदिग्ध तोंडी सूचना यांनी मनावर ताण येतो. अबोलपणाला सहकारी घमेंड समजतात. “हे जरा पाहून घ्या” याऐवजी “ही नस्ती दुपारी तीनपर्यंत तपासून परत द्या” असे लेखी सांगितले, तर घोटाळा टळतो. शांत जागी टेबल, बदलाची पूर्वसूचना आणि शंका विचारण्यासाठी एक ठरावीक सहकारी, एवढ्याने बरेच साधते. यास फारसा खर्च येत नाही.

अशा वाजवी सोयीसुविधा पुरविणे ही शासकीय आस्थापनांवर कायद्याने टाकलेली जबाबदारी आहे. तेथे तक्रार निवारण अधिकारी नेमणेही बंधनकारक आहे. मात्र कर्मचाऱ्याच्या संमतीविना त्याची स्थिती इतरांना सांगू नये.

सर्वांचा वाटा

शिक्षकांनी विद्यार्थ्याचा कल ओळखून शाळेतच वेळेचे आणि व्यवहाराचे शिक्षण द्यावे. पंचायत सदस्यांनी प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र मिळविण्यास कुटुंबांना साहाय्य करावे. अधिकाऱ्यांनी नियुक्तीपत्र देऊन न थांबता पहिले काही महिने आवर्जून लक्ष घालावे. राखीव जागा भरली, एवढ्याने कायद्याचा हेतू सफल होत नाही. त्या जागेवरील माणूस वर्षानुवर्षे सन्मानाने काम करीत राहिला, तरच तो सफल होतो.