पिस्तुलाच्या घशांत अडकलेला घास

आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या घरीं परवान्याचें पिस्तूल असेल. परंतु सैन्यांत अगर पोलिसांत असलेला मुलगा, भाऊ किंवा जांवई पुष्कळ कुटुंबांतून आहे. त्याच्या कमरेचें शस्त्र ऐन वेळीं कां अडतें, हें समजून घेणें अगदींच अस्थानीं होणार नाहीं. उदाहरणादाखल आम्ही जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराचें कोल्ट १९११ हें पिस्तूल घेतों. आपल्या सैन्याकरितां ईशापूरच्या कारखान्यांत तयार झालेलें ९ मिलिमीटरचें पिस्तूलहि त्याच घराण्यांतलें होय.

१९११ सालच्या मार्चमध्यें अमेरिकन सैन्यानें या पिस्तुलाची परीक्षा घेतली. एकामागून एक ६,००० गोळ्या झाडल्या. तें तापलें म्हणजे पाण्यांत बुडवून निववीत. ब्राउनिंगचें पिस्तूल एकदांहि अडलें नाहीं; प्रतिस्पर्धी सॅव्हेज पिस्तूल ३७ वेळां अडलें. मग हेंच पिस्तूल आज कोणाच्या हातीं दर दहा गोळ्यांस अडतें, तें कां?

मुठींतील मॅगझिनमध्यें ७ काडतुसें एकावर एक रचलेलीं असतात. स्प्रिंग त्यांस वर रेटते व मॅगझिनच्या तोंडाशीं वळविलेले दोन पत्र्याचे ओठ त्यांस थोपवून धरतात. गोळी सुटली कीं वरची स्लाइड मागें जाऊन रिकामी पुंगळी बाहेर फेंकते. पुढें येतांना ती वरचें काडतूस ओठांतून काढून लहानशा चढणीवरून नळीच्या घरांत लोटते, आणि काडतुसाची कड आंकड्याखालीं सरकते. डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच हें सर्व घडतें.

घास कोठें अडला, यावरून दोष कळतो. काडतुसाचें नाक खालीं झुकून चढणीच्या पायथ्याशीं आपटलें, तर मॅगझिनची स्प्रिंग थकली आहे किंवा मॅगझिन पुरतें बसलेलें नाहीं. नाक वर जाऊन काडतूस तिरपें अडकलें, तर ओठ वांकले आहेत अथवा आंकडा फार ताठ आहे. स्लाइड बंद होतां होतां किंचित् राहिली, तर नळीच्या घरांतील मळ किंवा स्लाइडची थकलेली स्प्रिंग पाहावी. रिकामी पुंगळीच खिडकींत उभी राहिली, तर दोष घास भरविण्याचा नव्हे, टाकण्याचा. तेथें ढिलें मनगट, कमजोर काडतूस किंवा आंकडा कारण असतो.

यावर सोपी कसोटी अशी: प्रत्येक मॅगझिनवर आंकडा घालावा आणि एकाच जातीचीं काडतुसें वापरावीं. दोष एकाच मॅगझिनबरोबर फिरत असेल, तर पिस्तूल निर्दोष आहे. सर्वांत आढळला, तर काडतुसें बदलावीं. कारण हें पिस्तूल मूळ गोल नाकाच्या, धातूच्या कवचाच्या गोळीसाठीं घडविलें होतें, पोकळ तोंडाची गोळी जुन्या चढणीवर अडखळते. नंतर साफसफाई, मग स्प्रिंगा. एका वेळीं एकच बदल. उतावळे लोक मात्र आधींच चढणीला कानस लावतात. आग रामेश्वरीं, बंब सोमेश्वरीं! वांकडें मॅगझिन तसेंच राहतें आणि चांगली नळी कायमची बिघडते. कानशीचें काम परवाना असलेल्या जाणत्या कारागिराचेंच आहे.

सर्वांत महत्त्वाचें शेवटीं सांगतों. अडलेलें पिस्तूल म्हणजे रिकामें पिस्तूल नव्हे. हातीं घेतांच नळी निर्धोक दिशेला ठेवावी, बोट चापापासून दूर असावें. मॅगझिन काढून, स्लाइड मागें ओढून नळीचें घर डोळ्यांनीं पाहावें व बोटानें चांचपावें. तसेंच एखाद्या बाराचा आवाज नेहमींपेक्षां क्षीण आला, तर तेथेंच थांबावें. ती गोळी नळींत रुतली असल्यास पुढचा बार नळी फोडतो, आणि शत्रूच्या नव्हे, धरणाराच्याच हातावर बेततें. ऐन वेळीं हात झटपट चालावा हें खरें; पण दोष शोधण्याचें काम घाईचें नव्हे.