मागे राहणाऱ्यांची धाव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बेळगावच्या बाजूच्या एका खेड्यात आमचे जाणेयेणे होते. तेथील तरुणांनी रविवारी पहाटे धावण्याचे एक मंडळ काढले आणि 'सर्वांनी यावे' असा निरोप घरोघर पोहोचविला. 'सर्वांत' आपणही आलोच, असे समजून आम्ही गेलो. शाळेच्या पटांगणावरून सारे एकदम निघाले. ओढ्यावरील पुलापर्यंत पुढची मंडळी दिसत होती. नंतर त्यांच्या पायांची धूळही दिसेना. मागे उरलो ते आम्ही, एक निवृत्त मास्तर आणि दोन गृहिणी. धापा टाकीत परत येऊन पाहतो तो पटांगण रिकामे. चहा झाला होता, कपबश्या विसळून पालथ्या घातल्या होत्या, मंडळी घरोघरी गेली होती. आम्हांस कोणी वावगे बोलले नाही, हे खरे. परंतु पुढच्या रविवारी त्या दोघी आल्या नाहीत, त्यापुढच्या रविवारी मास्तर आले नाहीत, आणि पावसाळा लागण्यापूर्वीच ते मंडळ बंद पडले.

धावणे आमच्या मुलखास परके आहे, म्हणून ते बंद पडले असे कोणी म्हणू नये. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांत मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटांत अंतर तोडून १९वे आले. ज्या मातीने असा धावपटू दिला, तेथे पायांची वाण नव्हती. वाण होती ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती कोणती हे आम्हांस पुढे दोन परदेशी मंडळांची हकीकत वाचल्यावर उमगले.

पहिली हकीकत न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराची. तेथील आर्थर लिडियार्ड हा मोठा नामांकित शिक्षक. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये त्याचे पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग हे दोन शिष्य एकाच दिवशी सुवर्णपदके मिळवून गेले. अशा माणसाने पुढेही विजेतेच घडवीत बसावे, असे कोणासही वाटेल. परंतु १९६२ मध्ये ऑकलंडात जे धावण्याचे मंडळ त्याच्या प्रेरणेने उभे राहिले, ते पोट सुटलेल्या, मध्यम वयाच्या आणि हृदयविकारातून उठलेल्या माणसांचे! हृदयाचा झटका येऊन गेलेल्यास खाटेवर पडून राहा असे सांगण्याचा तो काळ. लिडियार्डने त्यांस सांगितले, सावकाश धावा. इतके सावकाश की धावताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येईनासे झाले की वेग कमी करावयाचा.

त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील ऑरेगनचा प्रसिद्ध शिक्षक बिल बॉवरमन त्याच्याकडे पाहुणा म्हणून गेला आणि एका सकाळी त्या मंडळाबरोबर धावू लागला. जवान खेळाडूंना शिकविणारा हा पन्नाशीचा गृहस्थ थोड्याच वेळात मागे पडला. तेव्हा सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके सोसलेला एक म्हातारा आपला वेग आवरून त्याच्यासाठी मागे राहिला आणि गप्पा मारीत त्याला अखेरपर्यंत घेऊन आला. बॉवरमनने घरी परतताच १९६३ च्या आरंभी आपल्या यूजीन गावी तसेच मंडळ सुरू केले. पुढे एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साह्याने त्याने या विषयावर पुस्तकही लिहिले, आणि सावकाश धावण्याचे लोण अमेरिकाभर पसरले. तो म्हातारा त्या दिवशी थांबला नसता तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

दुसरी हकीकत अलीकडची, लंडनजवळील बुशी पार्क या उद्यानातील. पॉल सिंटन-ह्युइट नावाच्या धावकास दुखापत झाली होती. धावता येत नव्हते, पण मित्रांची संगत सुटू नये असे वाटत होते. म्हणून २ ऑक्टोबर २००४ रोजी त्याने त्यांना ५ किलोमीटर धावण्यास बोलाविले आणि आपण स्वतः घड्याळ घेऊन उभा राहिला. आले तेरा जण. क्रमांकासाठी कागद कोठून आणावयाचे? लोखंडी सामानाच्या दुकानातील वायसरांवर आकडे ठोकून तेच हाती दिले. आज हाच उपक्रम 'पार्करन' या नावाने अनेक देशांत दर आठवड्यास चालतो. खुद्द बुशी पार्कमध्ये एकेका शनिवारी हजाराच्या वर माणसे जमतात. प्रवेशास पैसा नाही, पोशाखाची अट नाही, सारे काम स्वयंसेवकांचे.

त्यांचा एक नियम आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. प्रत्येक ठिकाणी एक स्वयंसेवक सर्वांच्या मागून चालण्यासाठीच नेमलेला असतो. कोणी कितीही हळू चालो, याने त्याच्या पुढे जावयाचे नाही. त्यामुळे शेवटचा क्रमांक नेहमी त्या स्वयंसेवकाचा लागतो. येणाऱ्या पाहुण्याच्या वाट्यास तो कधी जात नाही. २०२२ पासून चालणाऱ्यांच्या सोबतीस आणखी स्वयंसेवक देऊ लागले. अंध धावकाबरोबर डोळस सोबती असतो. दोघांच्या हातांत एक लहानशी दोरी, एवढेच काय ते साधन. २०१७ मध्ये हा उपक्रम इंग्लंडमधील हॅव्हरिग येथील तुरुंगातही सुरू झाला. २०१८ पासून तेथील डॉक्टरांच्या संस्थेशी करार होऊन दवाखान्यांतून रोग्यांना तेथे जाण्याचा सल्ला मिळू लागला.

हे सारे वादावाचून झाले असे नव्हे. ब्रिस्टल शहराजवळील लिटल स्टोक येथे २०१६ साली स्थानिक परिषदेने बागेच्या देखभालीसाठी धावणाऱ्यांकडून पैसे मागितले. चालकांनी पैसे घेण्यापेक्षा तेथील धाव बंद करणे पत्करले. वाट झिजते आणि ती दुरुस्त करावी लागते, हे परिषदेचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण एकदा दारात पेटी ठेवली की ज्याच्या खिशात काही नाही तो दाराशीच थबकतो. २०२४ मध्ये अतिवेगवानांच्या विक्रमांच्या याद्या काढून टाकल्या तेव्हाही पुष्कळ जण रागावले. कष्टाने मिळविलेला विक्रम मिरवू नये काय, हा त्यांचा प्रश्न आम्हांसही रास्त वाटतो. चपळ पोरांचे कौतुक हिरावून घेऊन मंदांना धीर येतो, हे आम्हांस अद्याप पटलेले नाही.

स्त्रियांविषयी मात्र आमच्या मनात संशय नाही. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना ८०० मीटर धावू दिले आणि लगेच ती शर्यत रद्द केली. ती परत आली १९६० मध्ये. स्त्रियांची मॅरेथॉन तर १९८४ पर्यंत ऑलिंपिकमध्ये नव्हतीच. कारण दिले जाई नाजूक प्रकृतीचे! ज्या बायका आमच्याकडे डोक्यावर हंडा आणि काखेत कळशी घेऊन टेकाड चढतात, त्यांना हे कारण सांगून पाहावे. त्यांची अडचण निराळीच असते. लोक काय म्हणतील, अंधारात वाट कशी आहे, घरी चूल कोण पेटवील, आणि साडीवर आलेले चालेल काय. निमंत्रण देणाऱ्याने या चार प्रश्नांची उत्तरे आधीच द्यावीत. नेसूची साडी आणि पायातील चपला चालतील, असे स्पष्ट सांगावे. एकटीला बोलावू नये. दोघी-तिघी शेजारणींना मिळून बोलवावे. घरातील पुरुषाने एक दिवस चहा टाकला तर बिघडणार नाही.

बाकी व्यवस्था थोडकी आहे. रविवारी मिस्सेची वेळ सांभाळून, ऊन चढण्यापूर्वी निघावे आणि वेळ दर आठवड्यास बदलू नये. वाट जाऊन त्याच वाटेने परतण्याची असावी. म्हणजे पुढचे आणि मागचे एकमेकांना भेटतात व हात हलवितात. मोटारींचा रस्ता असल्यास समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने जावे. ज्यांना हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून यावे. ज्यास धावता येत नाही त्याने हजेरीची वही धरावी. आजोबांनी घड्याळ धरावे. मंडळ काढणारा इसमच जेथे जायबंदी होता, तेथे हे उणे समजण्याचे कारण नाही.

त्या खेड्यातील मंडळ गेल्या वर्षी पुन्हा सुरू झाले. पूर्वी पुलावरून दिसेनासा होणारा एक तरुण आता हातात विजेरी घेऊन सर्वांच्या मागून चालतो; आळीपाळीने ही पाळी प्रत्येकास येते. मास्तर परत आले. दोघींपैकी एक आली आणि आपल्या सुनेला घेऊन आली. दुसरी अजून आलेली नाही, तिच्या घरी दोनदा जाऊन झाले आहे. चहाची किटली मास्तरांच्या ताब्यात असते, आणि ती विजेरी पटांगणात शिरेपर्यंत ते तिचे झाकण काढू देत नाहीत.