तेरा महिन्यांनंतरचा तिरंगा

जालना–मंठा मार्गावरील वाटूर आज जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यात आहे. १९८१ मध्ये जालना जिल्हा होण्यापूर्वी हा तालुका परभणीत होता आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. म्हणून १५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीत तिरंगा फडकला, तरी या मुलखाचा राजध्वज आसफजाहीच राहिला : पिवळ्या वस्त्रावर पांढरे वर्तुळ. हे वर्तुळ म्हणजे ‘कुलचा’, अर्थात रोटी. पहिल्या निजामास एका साधुपुरुषाने कुलचे खाऊ घालून राज्यप्राप्तीचा आशीर्वाद दिला, अशी आख्यायिका आहे.

संस्थानात भारतीय ध्वज उभारणे हा तेव्हा अपराध होता. स्वामी रामानंद तीर्थ यांना १५ ऑगस्टलाच अटक झाली. ठिकठिकाणच्या कार्यकर्त्यांनी तिरंगा लावून तुरुंगवास पत्करला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाड्यात आजही १७ सप्टेंबरला स्वतंत्र ध्वजवंदन होते, ते या तेरा महिन्यांमुळे.

ज्या ध्वजासाठी हे सोसले, तो संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला होता. पूर्वीच्या चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील चोवीस आऱ्यांचे चक्र आले. तिरंग्याचे रंग एकेका धर्माचे, ही समजूत अजूनही ऐकू येते. ती बरोबर नाही. १९३१ मध्येच काँग्रेसने तसा अर्थ नाकारला होता. डॉ. राधाकृष्णन यांनी संविधान सभेत केशरी रंगाचा अर्थ त्याग व निरिच्छता असा सांगितला. अपरिग्रहाचे संस्कार असलेल्या घरांत तो निराळा समजावून सांगावा लागत नाही. पांढरा प्रकाशाचा व सत्याचा, हिरवा भूमीशी असलेल्या नात्याचा, आणि चक्र धर्माचे व गतीचे.

या ध्वजाशी मराठवाड्याचे आणखी एक नाते आहे. राष्ट्रध्वजाचे खादी कापड उदगीरला विणले जाते आणि त्यापासून नांदेडला ध्वज तयार होतात. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२ असते. प्रमाणित आकार नऊ, सर्वांत मोठा ६३०० × ४२०० मिलिमीटरचा.

व्यापाऱ्यांनी मात्र कायद्याची बाजू नीट पाहावी. १९५० च्या कायद्यानुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ध्वजाचे चित्र व्यापारासाठी किंवा व्यापारचिन्हात वापरता येत नाही. सणाच्या जाहिरातीत, पिशवीवर वा मिठाईच्या खोक्यावर तिरंगा छापण्याची हौस म्हणूनच महागात पडू शकते. ध्वजावर अक्षरे लिहिणे किंवा त्यात वस्तू गुंडाळणे १९७१ च्या कायद्याने दंडनीय आहे; शिक्षा तीन वर्षांपर्यंतची कैद, दंड किंवा दोन्ही. फाटलेला ध्वज कचऱ्यात टाकू नये. तो संपूर्णपणे, एकांतात, शक्यतो जाळून नष्ट करावा, असे ध्वजसंहिता सांगते.

डिसेंबर २०२१ पासून पॉलिएस्टरचे व यंत्रावर तयार झालेले ध्वजही चालतात. कापड कोणतेही असो, राष्ट्रध्वजाच्या विक्रीवर जीएसटी नाही, हे अर्थ मंत्रालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. बिल करताना तेवढे ध्यानी असावे.